काचेची तिजोरी आणि कंपनीची तिजोरी

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित घरांत साधारणपणे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक तुच्छतेची : हा पोरखेळ, त्यात विचार करण्यासारखे काय आहे? दुसरी शरणागतीची : काळच तसा आला आहे, मुले ऐकत नाहीत, आपण काय करणार? वरवर पाहता या प्रतिक्रिया परस्परविरुद्ध भासतात. परंतु दोहोंच्या मुळाशी आळस एकच आहे. त्या खेळाकडे डोळे उघडून पाहण्याचे कष्ट दोन्ही ठिकाणी टाळलेले असतात. कादंबरीला नावे ठेवणाऱ्याने ती वाचलेली असावी, नाटकाला विरोध करणाऱ्याने ते पाहिलेले असावे, अशी आपली रास्त अपेक्षा असते. मग जगभरातील कोट्यवधी तरुणांच्या संध्याकाळी व्यापून टाकणाऱ्या या प्रकाराच्या बाबतीतच ती का नसावी?

प्रस्तुत लेखात अशा एकाच खेळाचे परीक्षण करावयाचे आहे, आणि तेही त्याने स्वतः केलेल्या दाव्यांच्या कसोटीवर. 'डेस्टिनी' हे त्याचे नाव. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथील 'बंजी' या कंपनीने तो घडविला. 'हेलो' या गाजलेल्या खेळामुळे ही कंपनी आधीच प्रसिद्धी पावली होती. 'ॲक्टिव्हिजन' या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने ९ सप्टेंबर २०१४ रोजी 'डेस्टिनी' विक्रीस आणला आणि पहिल्याच दिवशी ५० कोटी डॉलरहून अधिक किमतीचा माल दुकानांकडे गेल्याचे अभिमानाने घोषित केले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचा दुसरा अवतार, 'डेस्टिनी २', आला. २०१९ च्या जानेवारीत बंजीने ॲक्टिव्हिजनशी काडीमोड घेतला आणि २०२२ मध्ये 'सोनी' या जपानी उद्योगसमूहाने बंजीच ३६० कोटी डॉलरना विकत घेतली. हे आकडे मुद्दाम दिले. आपण ज्याला पोरखेळ म्हणतो, त्याच्या मागे केवढे भांडवल उभे आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

सहा जणांची मोहीम

खेळाची कल्पना अशी. दूरच्या भविष्यकाळात 'ट्रॅव्हलर' नामक एका प्रचंड श्वेत गोलाच्या कृपेने मानवाला सुवर्णयुग लाभले. मग सर्वनाश कोसळला आणि आता त्या गोलाच्या छायेत मानवाचे एकच सुरक्षित नगर उरले आहे. खेळाडू हा त्या नगराचा 'गार्डियन', म्हणजे रक्षक. हा रक्षक वस्तुतः मेलेला माणूस असतो. एका चिमुकल्या यंत्रदूताने त्याला पुन्हा उठविलेले असते आणि आपल्या पूर्वायुष्यातले त्याला काहीही आठवत नसते. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

प्रकाराने हा नेमबाजीचा खेळ आहे. पडद्यावरचे जग रक्षकाच्या डोळ्यांनी दिसते, हाती बंदूक असते. परंतु नुसती नेमबाजी येथे पुरत नाही. टायटन, हंटर आणि वॉरलॉक अशा तीन पंथांतून खेळाडूने एक निवडावयाचा, त्याच्या सिद्धी वाढवावयाच्या, चिलखताचा आणि शस्त्रांचा साठा जमवावयाचा आणि महिनोन्महिने त्या एका व्यक्तिरेखेला घडवीत राहावयाचे. मारलेल्या शत्रूकडून शस्त्रे मिळतात. त्यांच्या प्रती रंगांनी ओळखावयाच्या : पांढरी सामान्य, मग हिरवी, निळी, जांभळी, आणि सर्वांत दुर्मिळ ती सोनेरी. ही सारी यात्रा एकट्याने करण्यापेक्षा सोबतीने करण्यात खरी गंमत, हा या खेळाचा मुख्य दावा.

या दाव्यात तथ्य नाही, असे कोणी म्हणू नये. जे चांगले आहे ते चांगले म्हटलेच पाहिजे. १६ सप्टेंबर २०१४ रोजी या खेळात 'व्हॉल्ट ऑफ ग्लास', म्हणजे काचेची तिजोरी, नावाची मोहीम खुली झाली. तिला सहा खेळाडू लागत. हे सहा जण यंत्राने आपोआप जुळवून दिले जात नसत. प्रत्येकाने आपले पाच सोबती स्वतः शोधावयाचे होते. काय करावयाचे, हेही कोणी सांगत नव्हते. शेवटच्या टप्प्यात तीन जण अकस्मात दुसऱ्या काळात फेकले जात. ते तीन कोणते, याचा नेम नसे. म्हणून सहाही जणांना प्रत्येकाचे काम ठाऊक असावे लागे. तिकडे गेलेल्यांपैकी एकाने ढाल धरून सोबत्यांना सांभाळावयाचे, इतरांनी लक्ष्ये फोडावयाची, आणि मागे राहिलेल्यांनी त्यांना परतण्यासाठी दार उघडावयाचे. एकाची चूक म्हणजे सहा जणांचा पराभव. ही मोहीम प्रथम फत्ते करणाऱ्या चमूला दहा तासांहून अधिक काळ लागला. दहा वर्षांनंतर, २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या 'साल्व्हेशन्स एज' या मोहिमेत पहिल्या विजयी चमूला जवळजवळ एकोणीस तास झुंजावे लागले.

येथे श्रवण लागते, संयम लागतो, वाणीवर ताबा लागतो. सोबत्याच्या चुकीवर न चिडता पुन्हा प्रारंभ करण्याची वृत्ती लागते. एकेकट्या पडलेल्या आधुनिक तरुणाला हे कोठे मिळते? त्याला ते या काचेच्या तिजोरीत मिळाले, आणि म्हणून तो तेथे रमला. आकाशाची चित्रे, ग्रहांचे रंग, संगीताची भव्यता यांतही अव्वल दर्जाची कारागिरी आहे. कथेच्या कडेकपारीत तर काही विलक्षण कल्पना दडलेल्या आहेत. शुक्र ग्रहावर संशोधन करणारी माया सुंदरेश नावाची एक विदुषी आहे. शत्रुपक्षाच्या यंत्रजीवाने आपल्या आत तिची आणि तिच्या सहकाऱ्यांची हुबेहूब प्रतिसृष्टी चालविली आहे, असे तिला आढळते. मग आपण मूळ की आपणच ती प्रतिमा, हा प्रश्न त्या चौघांपुढे उभा राहतो. 'माया' हे नाव योगायोगाने पडले की योजनेने, ते लेखकच जाणोत. भारतीय वाचकाला त्यातली खोच समजावून सांगावी लागत नाही. विपर्यास असा की, २०१४ साली ही उत्तम कथा प्रत्यक्ष खेळात वाचावयास मिळतच नव्हती. ती कंपनीच्या संकेतस्थळावरील पत्त्यांवर छापलेली होती. खेळात मात्र गोळीबार आणि लूट!

कबुतराची चोच

येथून या खेळाचे दुसरे रूप दिसू लागते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर चोच मारली की दाणा मिळतो, हे कबुतर लवकर शिकते. परंतु दाणा दर वेळी न देता, किती टोचांनंतर मिळेल याचा अंदाज लागणार नाही अशा रीतीने दिला, तर ते पक्षी अधिक चिकाटीने, जवळजवळ अखंड, टोचत राहते. अनिश्चित बक्षिसाची ओढ निश्चित बक्षिसापेक्षा बलवत्तर असते, हा त्याचा निष्कर्ष. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

२००१ साली जॉन हॉप्सन या वर्तनशास्त्राच्या अभ्यासकाने खेळ घडविणाऱ्यांसाठी एक लेख प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले बक्षिसांचे हे नियम खेळांच्या रचनेला कसे लागू पडतात, हा त्याचा विषय. हेच हॉप्सन पुढे बंजीत खेळाडूंच्या वर्तनाविषयीचे संशोधन पाहू लागले. यात गुप्त वा बेकायदेशीर असे काही नाही. सारे राजरोस आहे, आणि तीच तर चिंतेची बाब आहे.

परिणाम काय झाला, ते 'डेस्टिनी'च्या पहिल्याच महिन्यात दिसले. खेळातील रशियाच्या भूमीवर एक गुहा होती. तिच्यातून शत्रू अखंड बाहेर पडत आणि ठरावीक अंतरावर उभे राहून गोळ्या झाडल्या की लुटीचा वर्षाव होई. ही बातमी पसरताच खेळाडूंच्या टोळ्या तेथे जमल्या आणि तासन्‌तास एका काळ्या विवरात गोळ्या घालत उभ्या राहिल्या. कथा नाही, आव्हान नाही, साहस नाही; केवळ टोचणे आणि दाण्याची वाट पाहणे. सप्टेंबर संपण्यापूर्वी कंपनीने ती गुहा निकामी केली. परंतु तिने गुहा बुजविली, दाण्याची रचना तशीच ठेवली. सहा जणांना प्रथम एकत्र आणले ते काचेच्या तिजोरीतील आव्हानाने, पण आठवड्यामागून आठवडे त्यांना परत खेचून आणले ते या रचनेने.

२०१५ पासून खेळात 'एव्हरव्हर्स' नावाचे दुकान थाटले गेले. खऱ्या पैशांनी 'सिल्व्हर' हे खेळातले चलन घ्यावयाचे आणि त्याने नट्टापट्ट्याच्या वस्तू. 'डेस्टिनी २'मध्ये एक सीलबंद बक्षीस आले. त्यात काय निघेल ते आधी कळत नसे. अनुभवाचे गुण साठले की ते मिळे, नाहीतर दुकानात पैसे देऊन घ्यावे लागे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये काही चिकित्सक खेळाडूंनी हिशेब मांडला आणि बिंग फुटले. पडद्यावर दाखविले जाणारे गुण आणि खात्यावर प्रत्यक्ष जमा होणारे गुण यांत तफावत होती! काही कामे भरभर वारंवार करणाऱ्याला पडद्यावर एक आकडा दिसे आणि पदरात त्याहून कमी पडे. कंपनीला ते मान्य करावे लागले, ती यंत्रणा बंद करावी लागली. परंतु त्याच वेळी पुढची पायरी गाठण्यासाठी लागणारे गुण ८० हजारांवरून १ लाख ६० हजार करण्यात आले, आणि तेही गाजावाजा न करता. खेळाडूंनी तेही हुडकले तेव्हा कुठे दिलगिरी आली. ज्या किराणा दुकानात तराजूचा काटा असा वागतो, त्या दुकानदाराला आपण काय म्हणतो? न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की, २०२० मध्ये कंपनीने त्या सीलबंद बक्षिसाची पैशांनी होणारी विक्री थांबविली. दुकान मात्र चालूच राहिले.

विकलेले परत नेणारा दुकानदार

परंतु हे सारे किरकोळ वाटावे, अशी गोष्ट पुढेच आहे.

'डेस्टिनी २' विक्रीस आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ६० डॉलर होती. त्या किमतीत जी मुख्य कथा मिळे, तिचे नाव 'रेड वॉर'. तिची सुरुवात अशी : घॉल नावाचा आक्रमक सेनापती मानवाच्या अखेरच्या नगरावर चालून येतो, रक्षकाची सारी शक्ती हिरावून घेतो, त्याने जमविलेले शस्त्रभांडारही नष्ट होते. सर्वस्व गमावलेल्या रक्षकाने पुन्हा उठून आपले हिरावलेले परत मिळवावयाचे, हा कथेचा गाभा.

१० नोव्हेंबर २०२० रोजी ही संपूर्ण कथा खेळातून काढून टाकण्यात आली. तिच्यासोबत 'कर्स ऑफ ओसायरिस' आणि 'वॉरमाइंड' या पैसे घेऊन विकलेल्या दोन पुरवण्या गेल्या. मंगळ, बुध, आयो आणि टायटन ही ठिकाणे गेली. तेथील मोहिमा गेल्या. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी 'फोरसेकन' या चौथ्या विकलेल्या कथेचीही तीच गत झाली. २०१८ मध्ये ती ४० डॉलरना विकली गेली होती. या साऱ्याला कंपनीने नाव काय दिले? 'डेस्टिनी कंटेंट व्हॉल्ट'! तिजोरी! तिजोरीत आपण ठेवतो ते आपले असते आणि किल्ली आपल्या कनवटीला असते. येथे वस्तू ग्राहकाची, तिजोरी कंपनीची, आणि किल्लीही कंपनीचीच.

कथेतील घॉलने रक्षकाचे जे केले, ते अखेर कंपनीने गिऱ्हाइकाचे केले. फरक इतकाच की घॉलविरुद्ध लढता येत होते.

शस्त्रांचेही तसेच. त्याच २०२० मध्ये असा नियम करण्यात आला की, ठरावीक मुदतीनंतर जुने शस्त्र पुढच्या मोहिमांत कुचकामी ठरावे. शेकडो तास घालवून मिळविलेली हत्यारे कोठारात लोखंडाच्या भंगारासारखी पडून राहिली. पुढल्याच वर्षी, २०२१ च्या फेब्रुवारीत, कंपनीने हे धोरण चुकल्याचे मान्य करून पुढील शस्त्रांपुरते ते मागे घेतले. आधी निकामी ठरलेल्या शस्त्रांवरील बंधन पूर्णपणे उठावयास २०२४ साल उजाडावे लागले.

ज्याला अजूनही ही खेळाडूंची लाडिक कुरकुर वाटत असेल, त्याने अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या फेडरल न्यायालयात काय घडले ते पाहावे. 'रेड वॉर'ची कथा आपल्या लेखनावरून उचलली, असा दावा एका लेखकाने २०२४ मध्ये बंजीवर दाखल केला. हा आरोप खरा की खोटा, हा येथील प्रश्न नव्हे. प्रश्न असा की, आपली कथा वेगळी आहे हे दाखविण्यासाठी कंपनीने न्यायालयापुढे ठेवले काय? तर इतरांनी टिपून यूट्यूबवर चढविलेल्या चित्रफिती आणि चाहत्यांनी लिहिलेल्या माहितीची पाने! कारण मूळ खेळ आता खेळता येण्याजोगा उरलाच नव्हता. न्यायालयाने ती सामग्री विचारात घेण्यास नकार दिला आणि दावा प्रारंभीच फेटाळण्याची कंपनीची विनंती २०२५ च्या मे महिन्यात अमान्य केली. ज्या तिजोरीत खेळाडूंचा ठेवा बंद केला, त्या तिजोरीतून कंपनीला स्वतःसाठीही काही बाहेर काढून दाखविता आले नाही. काव्यगत न्याय तो हाच.

कंपनीचा बचाव

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. खेळाचा आकार शंभर गिगाबाईटपलीकडे गेला होता. दर नव्या भरीबरोबर जुन्या भागांत बिघाड उद्भवत होते. सारेच जतन करावयाचे तर नवे काही घडविता आले नसते, असे तिचे म्हणणे. यात तांत्रिक सत्याचा अंश निश्चित आहे. हेही खरे की, मूळची काचेची तिजोरी २०२१ च्या मे महिन्यात 'डेस्टिनी २'मध्ये सर्वांना विनामूल्य परत मिळाली, आणि यापुढे मोठ्या पुरवण्या काढून टाकणार नाही, असे आश्वासन कंपनीने २०२२ मध्ये दिले.

परंतु हा बचाव टिकत नाही. घर अपुरे पडू लागले म्हणून घरमालकाने भाडेकरूचे सामान रस्त्यावर टाकावे, आणि वर सांगावे की जागेची अडचण होती, हे कोण मान्य करील? जुना भाग वेगळा करून ज्यांनी विकत घेतला त्यांच्या स्वाधीन का केला नाही? 'हेलो'चे जुने भाग आजही खेळता येतात. ते याच कंपनीने घडविले होते. मग येथेच हे अशक्य का झाले? कारण हा खेळ पहिल्यापासून असा बांधला की, कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरशी धागा जुळल्यावाचून तो सुरूच होत नाही. एकट्याने खेळावयाची कथासुद्धा परवानगीवाचून उघडत नाही. हा तंत्रज्ञानाचा अपघात नव्हे. हा धंद्याचा निर्णय आहे. वस्तू विकावयाची नाही, केवळ तिच्या दारात उभे राहण्याची मुभा विकावयाची, आणि पावतीवर मात्र 'विक्री' लिहावयाचे, हा तो निर्णय.

आणि या व्यवहारात कारागिराला तरी काय मिळाले? २०२४ च्या जूनमध्ये 'द फायनल शेप' ही पुरवणी आली. दहा वर्षांच्या कथेचा तो समारोप होता आणि समीक्षकांनी तिची मुक्तकंठाने वाखाणणी केली. दोन महिने उलटण्यापूर्वीच, ३१ जुलै २०२४ रोजी, कंपनीने २२० जणांना नारळ दिला. म्हणजे सुमारे १७ टक्के कर्मचारी. खेळाडूची आठवण गेली, कारागिराची नोकरी गेली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपली म्हण अमेरिकेतही खरी ठरली.

सहकार कोणाचा?

या प्रकारच्या खेळांना इंग्रजीत सहकारी खेळ म्हणतात. सहकार हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. आपल्याकडील सहकारी संस्थांत दोष नाहीत असे नाही. त्यांचा इतिहास आणि त्यांतले राजकारण आपण पुरते जाणतो. तरीही तत्त्व म्हणून सहकाराचा अर्थ स्पष्ट आहे : जो श्रम करतो, भाग भरतो, तो सभासद असतो, आणि जे उभे राहते त्यात त्याचा वाटा असतो. 'डेस्टिनी'तील सहा जणांनी आपसांत केला तो खराखुरा सहकार होता. परंतु त्यातून जे उभे राहिले, त्यावर त्यांचा कवडीचाही हक्क नव्हता. श्रम सहकारी, मालकी सावकारी!

येथे तो मघाचा तपशील आठवावा. खेळातील रक्षकाला आपले पूर्वायुष्य आठवत नाही. कथाकाराने ही कल्पना करुणेसाठी योजली असेल. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो आदर्श ग्राहकच आहे. ज्याला काल काय विकत घेतले ते आठवत नाही, जो हिरावलेल्याचा हिशेब मागत नाही, जो दर हंगामाला नव्याने जन्म घेऊन नव्याने पैसे मोजतो, असा ग्राहक कोणाला नको असेल?

प्रश्न म्हणूनच केवळ ६० डॉलरचा नाही. बुद्धिबळाचा पट आजोबांकडून नातवाकडे येतो. कबड्डीची आखलेली रेघ पुसली तरी खेळ कोणाला पुसून टाकता येत नाही, कारण तो खेळणाऱ्यांच्या अंगात असतो. जुने पुस्तक प्रकाशक बुडाला तरी कपाटात राहते. पिढीने पिढीला काही सोपवावे, त्यात पुढच्या पिढीने भर घालावी, यालाच आपण संस्कृती म्हणतो. ज्या वस्तूची रचनाच अशी की ती कोणाला सोपविता येऊ नये, ती कितीही देखणी असो, तिच्यातून संस्कृती निर्माण होत नाही. केवळ सवय निर्माण होते.

'हे अमेरिकेचे दुखणे, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. या खेळात पोलिश आहे, कोरियन आहे, ब्राझीलची पोर्तुगीज आहे. एकही भारतीय भाषा नाही. म्हणजे निर्मात्याच्या लेखी आपण केवळ हिशेबातले गिऱ्हाईक आहोत. परंतु त्याच घडणीचे हंगाम, तीच ठरावीक मुदतीची बक्षिसे, तीच 'आज न घेतले तर पुन्हा नाही' ही टोचणी २०२१ मध्ये भारतात आलेल्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'सारख्या खेळांतून आपल्या घरांतल्या भ्रमणध्वनीवर पोहोचलेली आहे. जो कन्सोल घेऊ शकत नाही, त्याच्या मुलापर्यंतही ती आली आहे.

मागणी काय असावी?

बंदी घाला, ही मागणी सोपी आहे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. मागणी नेमकी असावी. पैसे घेऊन जे विकले, ते विकणाऱ्याला काढून घेता येऊ नये. सर्व्हर बंद करावयाचा असेल तर खेळ खेळण्याजोगा ठेवून जावे. आणि जर विक्री नसून भाडे असेल, तर पावतीवर ठळकपणे 'भाडे' असे लिहावे.

ही स्वप्नरंजनाची भाषा नव्हे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास मज्जाव केला. 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ २०२४ च्या मार्चअखेर बंद पडला, तेव्हा 'खेळ मारणे थांबवा' अशी एक चळवळ उभी राहिली आणि तिच्या युरोपीय नागरी निवेदनाने २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सामान्य खेळाडूंनी हे केले.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैसे लावून पैसे मिळविण्याच्या खेळांवर बंदी घातली. ते पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु जेथे पैसे परत मिळण्याची आशाच नसते, केवळ देत राहावयाचे असते, त्या खेळातील ग्राहकाचे काय? ग्राहकांना भुलविणाऱ्या तेरा क्लृप्त्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतली एक. खेळांच्या हंगामी दुकानांना ती कसोशीने लावण्याचा आग्रह ग्राहक संघटनांनी धरावा. आणि आपल्याकडील जे तरुण आज खेळ घडविण्याच्या उद्योगात उतरत आहेत, त्यांनी या कारागिरीचे अनुकरण जरूर करावे, या व्यापारनीतीचे करू नये.

पालकांनी काय करावे? रागावून वायर उपटण्यापूर्वी मुलाशेजारी तासभर बसावे. तो कोणासोबत खेळतो, त्यांची नावे त्याला ठाऊक आहेत काय, हरल्यावर तो सोबत्यांशी कसा बोलतो, हे पाहावे. जेथे सोबत आहे, श्रम आहेत, संयम आहे, तेथे त्याचे कौतुकही करावे. आणि मग त्याला एकच प्रश्न विचारावा : यातले तुझे काय? दहा वर्षांनी तुला हे कोणाला दाखवावेसे वाटले, तर दाखविता येईल का?

या प्रश्नाने तो खेळ सोडीलच असे नाही. सोडावाच असाही आग्रह नाही. परंतु आपण खेळतो आहोत की आपल्याला खेळविले जात आहे, हा भेद एकदा उमगलेला मुलगा पुढे कोणत्याही दुकानात, कोणत्याही पडद्यापुढे आणि कोणत्याही जाहिरातीपुढे सहजासहजी फसणार नाही. काचेची तिजोरी फोडावयास सहा जण लागत. कंपनीची तिजोरी उघडावयास जागरूक समाज लागेल, आणि त्याची पहिली सभा घराच्या बैठकीतच भरली पाहिजे.